एकोणीस मेल आणि मुकादमाची वही

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी ऐरोलीला राहते व ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. वय ३३ वर्षे, इतिहासात एम.ए. (५८ टक्के), नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अद्याप उत्तीर्ण नाही, चार वर्षांची मुलगी आहे. ठाणे खाडीच्या काठावरील मिठागरे आणि तेथील कामगार या विषयावर पीएच.डी. करावी असे फार दिवसांपासून मनात आहे. गेल्या चार महिन्यांत वेगवेगळ्या विभागांच्या संकेतस्थळांवरून नावे घेऊन मी एकोणीस प्राध्यापकांना मेल पाठवले. उत्तरे दोघांचीच आली. एकांनी जागा नसल्याचे कळवले. दुसऱ्यांनी ‘सिनॉप्सिस पाठवा’, म्हणजे संशोधनाचा आराखडा पाठवा, असे लिहिले, आणि मी तो पाठवल्यानंतर पुढे काहीच कळवले नाही. घरचे म्हणतात, ओळखीशिवाय गाईड मिळत नाही. सहकारी म्हणतात, विषयाचे नंतर बघू, आधी घराजवळचा गाईड बघ. मध्यंतरी एका गृहस्थांनी फोन करून, पैसे भरल्यास गाईड मिळवून देण्याची हमीच दिली. कोणाला लिहावे, काय लिहावे आणि ओळख नसताना हे जमते का? माझे आजोबा होडीने खाडीपलीकडे मुलुंडच्या बाजूच्या मिठागरावर कामाला जात. आजीच्या व शेजारच्या चार बायकांच्या आठवणी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत आणि आजोबांच्या मुकादमाची हिशेबाची एक जुनी वहीही आमच्याकडे आहे. पण त्यांचा काही उपयोग होईल की नाही, हे माहीत नाही. ता.क. : पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या एकोणीस मेलांपैकी एकाची प्रत पत्राला जोडली होती. योगायोगाने मी ती आधी उघडली आणि तुमचे पत्र नंतर वाचले. हे बरेच झाले म्हणायचे, कारण त्यामुळे ते मेल ज्यांना मिळाले त्यांच्या खुर्चीत मला काही मिनिटे बसून पाहता आले. ‘रिगार्डिंग पीएच.डी. गायडन्स’ असा विषय, त्याखाली ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’, मग ‘युवर एस्टीम्ड गायडन्स’ लाभावे अशी विनंती, पदव्या, टक्के, अनुभवाची वर्षे आणि शेवटी ‘हिस्टरी ऑफ सॉल्ट पॅन्स इन थाने डिस्ट्रिक्ट’ अशी एक ओळ. मेल वाचून झाला तरी तो लिहिणारी व्यक्ती कोण आहे, हे मला कळले नव्हते. त्यानंतर तुमचे पत्र वाचायला घेतले आणि शेवटाला आल्यावर, जवळजवळ क्षमा मागितल्यासारख्या सुरात लिहिलेल्या दोन वाक्यांत, मुकादमाची वही आणि पाच बायकांच्या आठवणी भेटल्या. या दोन वाक्यांमुळे मी हे उत्तर लिहायला बसले आहे. ती त्या मेलमध्ये कुठेच नव्हती.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची माझ्या मते एकच नस आहे. तुमच्यापाशी जे आहे आणि दुसऱ्या कोणापाशी नाही, ते पत्रात सर्वांत आधी यायला हवे, आणि ज्या माणसाला ते हवेसे वाटेल त्यालाच ते पत्र जायला हवे. एकोणीस जणांना एकच मजकूर पाठवताना या दोन्ही गोष्टी एकदमच हातून सुटतात. निवृत्त होईपर्यंत मलाही अशी पत्रे नित्य येत असत. एकदा एका पत्रात वर माझे नाव होते आणि दुसऱ्या परिच्छेदात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या प्राध्यापकांचे. चहाच्या वेळी आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवले आणि उत्तर मात्र दोघांनीही दिले नाही, कारण ते नेमके कोणी द्यायचे हेच ठरेना. हे काही भूषणावह वागणे नव्हते, हे मला मान्य आहे. तरी उत्तर न येण्यामागे दरवेळी उर्मटपणाच असतो असे नाही. पुष्कळदा पत्रात उत्तर देण्याजोगा प्रश्नच नसतो.

आता कोणाला लिहावे, याविषयी. ‘मिठागरे’ हा तुमचा विषय बाहेरून एक दिसत असला तरी त्यात किमान चार निरनिराळे अभ्यास दडलेले आहेत आणि प्रत्येकाचे जाणकार वेगळे आहेत. इंग्रज सरकारने मिठावर बसवलेला कर, त्यासाठी उभे केलेले खाते आणि १९३० साली वडाळा व शिरोडा येथे झालेले मिठाचे सत्याग्रह या अंगाने जायचे असेल, तर वासाहतिक अर्थव्यवस्था किंवा राष्ट्रीय चळवळ यांवर काम करणारे प्राध्यापक हवेत. खाजणे (भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या जमिनी), बांध, तिवरे आणि खाडीचे बदलत गेलेले रूप हा गाभा असेल, तर पर्यावरणाच्या इतिहासाकडे वळावे लागेल. ज्या खाडीत तुमच्या आजोबांची होडी चालत असे, तिचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही त्याच गोष्टीची अलीकडची टोके आहेत. आगरी समाज आणि जमीन हा धागा धरला, तर अलिबागकडील चरीचा १९३३ पासून सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप, १९७० मध्ये नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोची स्थापना आणि जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील भूमिपुत्रांचे आंदोलन इथपर्यंत तुम्ही येऊन पोहोचाल आणि तुम्हाला शेतकरी चळवळींचा अभ्यासक लागेल. आणि मिठागरावर पायाला फोड येईस्तोवर राबलेल्या माणसांची मजुरी, उचल, आजारपणे आणि घर कसे चालत होते हे सांगायचे असेल, तर तो कामगारांचा आणि स्त्रियांचा इतिहास आहे, ज्यासाठी मौखिक साधने हाताळण्याची सवय असलेला मार्गदर्शक हवा. तुमच्या हातातील साधने पाहता मला ही शेवटची वाट तुमची वाटते. निवड अर्थात तुमची आहे. परंतु ती केल्याशिवाय मार्गदर्शक शोधणे म्हणजे गाव न ठरवता तिकिटाच्या रांगेत उभे राहणे होय.

निवड झाली की विभागांची संकेतस्थळे बाजूला ठेवून शोधगंगा उघडा. इन्फ्लिबनेट या संस्थेने चालवलेले हे प्रबंधांचे भांडार विनामूल्य आहे आणि देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध तेथे प्रकरणवार वाचता येतात. मिठागर, खाजण, आगरी, कोकणातील शेतकरी, मुंबईतील असंघटित कामगार, मौखिक इतिहास असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही प्रकारे घालून पाहा. प्रत्येक नोंदीत संशोधकाच्या नावासोबत मार्गदर्शकाचे नावही असते. तुमच्या विषयाच्या आसपासचे पाच-सहा प्रबंध सापडले की त्यातून तीन-चार नावे आपोआप वर येतील. ही नावे ‘विद्वान’ या अध्यापक-संशोधकांच्या ऑनलाइन सूचीत, तसेच गूगल स्कॉलरवर पडताळून पाहावीत, म्हणजे ती व्यक्ती आज कोठे आहे आणि गेल्या पाच वर्षांत तिने काय लिहिले, हे समजते. संकेतस्थळावरील ‘स्पेशलायझेशन’ या शब्दासमोर जे लिहिलेले असते ते अनेकदा नेमणुकीच्या वेळचे असते, आणि त्यानंतर माणूस वाचता वाचता भलतीकडेच गेलेला असतो.

येथे एक गोष्ट सांगते, जी सहसा कोणी सांगत नाही. मार्गदर्शक पारखायचा असेल, तर त्याचे स्वतःचे लेख वाचण्याआधी त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचावेत. लेख हा त्याच्या विद्वत्तेचा पुरावा असतो. विद्यार्थ्याचा प्रबंध हा त्याच्या शिकवण्याचा. तीन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत संदर्भ नीट दिलेले असतील, दुसऱ्या प्रकरणात मांडलेला मुद्दा पाचव्या प्रकरणात हरवला नसेल, तर कोणीतरी ते लाल पेन हातात घेऊन वाचले आहे असे समजावे. तिन्ही प्रबंधांची पहिली प्रकरणे एकाच साच्यातून काढल्यासारखी असतील, तर तेही समजून घ्यावे. त्यानंतर ऋणनिर्देशाचे पान उघडावे. हा मजकूर सगळे जण औपचारिक समजून ओलांडतात, पण मी तो नेहमी आधी वाचते. ‘सरांनी प्रत्येक प्रकरण चार वेळा परत पाठवले’ असे एखादा विद्यार्थी थोड्या रागाने आणि पुष्कळ प्रेमाने लिहून जातो. तर कोठे मार्गदर्शकाच्या सबंध कुटुंबाचे आभार असतात आणि वाचनाबद्दल एक शब्द नसतो. विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण करायला किती वर्षे लागली, हेही जिथे नोंदणीचे साल दिलेले असेल तिथे मोजून पाहता येते.

यानंतर थोडे गणित करावे लागेल, कारण तुमच्या एकोणीसांपैकी बरेच जण कदाचित इच्छा असूनही तुम्हाला घेऊ शकत नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक हा कायम सेवेतील अध्यापक असावा लागतो, त्यामुळे तासिका तत्त्वावर शिकवणारी व्यक्ती कितीही विद्वान असली तरी तिच्या नावावर नोंदणी होत नाही. सहायक प्राध्यापक हे पद पाहून नाव खोडू नका. पीएच.डी. असलेल्या आणि परीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून घेऊनच लेख छापणाऱ्या) नियतकालिकांत किमान तीन शोधनिबंध प्रसिद्ध झालेल्या सहायक प्राध्यापकाला मार्गदर्शन करता येते; त्याच्याकडे जागा रिकामी असण्याची शक्यता अधिक असते, वेळही असतो आणि पहिलाच विद्यार्थी असेल तर तो त्याला जपतोही. नामवंत मार्गदर्शकाचा आठवा विद्यार्थी होण्यापेक्षा हे मला अनेकदा बरे वाटत आले आहे, जरी लग्नकार्यात सांगताना नामवंताचे नाव अधिक वजनदार वाटत असले तरी.

घराजवळच्या मार्गदर्शकाच्या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. नोकरी, मूल आणि ठाणे–बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक यांतून वाट काढणाऱ्या बाईला अंतर हा गौण मुद्दा वाटू शकत नाही. पण अंतर हा निकष नावे खोडताना वापरावा, नावे निवडताना नव्हे. कलिना येथील मुंबई विद्यापीठाचा इतिहास विभाग, मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे असलेली ठाणे–नवी मुंबई परिसरातील महाविद्यालये आणि चर्चगेटचे एसएनडीटी महिला विद्यापीठ ही तुमच्यासाठी पहिली ठिकाणे आहेत. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ऐरोली पुलापलीकडे पवईत असलेली आयआयटी यांचीही यादी पाहून ठेवा. तेथे तुमचा विषय इतिहास या पाटीखाली सापडणार नाही, पण कामगार, शहर किंवा पर्यावरण या नावाने काम करणारे कोणी सापडू शकेल. त्या संस्थांची प्रवेशपद्धती स्वतंत्र आहे. काही ठिकाणी प्रवेश आधी होतो आणि मार्गदर्शक नंतर ठरतो, काही ठिकाणी संभाव्य मार्गदर्शकाशी आधी बोलून ठेवणे अपेक्षित असते. तेव्हा कोणालाही पत्र लिहिण्यापूर्वी त्या विभागाच्या कार्यालयात एक फोन करून हे विचारावे. मार्गदर्शक एका विभागातील आणि सह-मार्गदर्शक दुसरीकडचा अशीही सोय नियमांत आहे, ती तुमच्यासारख्या दोन विषयांच्या सीमेवरच्या कामाला उपयोगी पडते.

अशा रीतीने एकोणीस नावांची चार नावे झाली की प्रत्येकाला वेगळे पत्र लिहावे. त्यात ‘मला आपली विद्यार्थिनी करून घ्याल का’ हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे देणे अतिशय सोपे असते आणि ‘हो’ असे देणे, अनोळखी माणसाला सहा वर्षांचा शब्द देण्यासारखे असते. त्याऐवजी असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर त्या व्यक्तीलाच देता येईल आणि द्यावेसेही वाटेल. पुढील नमुन्यातील प्रबंध मी कल्पिलेला आहे. त्याच्या जागी तुम्ही खरोखर वाचलेला प्रबंध घालावा.

‘विषय : मिठागर कामगारांच्या मौखिक आठवणी व एक हिशेबवही – संशोधनासाठी उपयोगाबाबत. आदरणीय मॅडम, मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. ठाणे खाडीकाठच्या मिठागरावर काम केलेल्या कुटुंबांतील पाच स्त्रियांच्या आठवणी मी ध्वनिमुद्रित केल्या आहेत आणि तेथील एका मुकादमाची हिशेबाची वही आमच्या घरी आहे, जिच्यात मजुरांची नावे, उचल आणि हजेरी यांच्या नोंदी आहेत. आपल्या मार्गदर्शनाखाली झालेला खाजण जमिनींवरील प्रबंध मी शोधगंगेवर वाचला. त्यातील चौथ्या प्रकरणात, हंगामी मजुरांविषयी सरकारी दप्तरांत फारसे सापडत नाही, असे म्हटले आहे. माझ्याजवळील साधनांनी ही उणीव काही अंशी भरून निघू शकेल का, की त्याआधी मीठ खात्याची कागदपत्रे पाहणे आवश्यक आहे, याविषयी आपले मत मिळावे अशी विनंती आहे. या विषयावर पीएच.डी. करण्याचा माझा विचार आहे. सोबत दीड पानांचे टिपण जोडले आहे. मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीननंतर मी विभागात येऊन पंधरा मिनिटे भेटू शकते.’

एवढेच. वहीत खरोखर ज्या नोंदी असतील त्याच लिहाव्यात. पदव्या आणि टक्के जोडलेल्या एका पानाच्या परिचयपत्रात राहू द्यावेत. ‘बहुमोल’, ‘विद्वत्ताप्रचुर’ असली विशेषणे पूर्णपणे गाळावीत; स्तुतीने प्रसन्न होणारा मार्गदर्शक पुढे कशाकशाने रुष्ट होईल, याचा नेम नसतो. दीड पानांच्या टिपणात प्रश्न कोणता, साधने कोणती, आजवर काय वाचले आणि काय अजून पाहिलेले नाही, एवढे असावे. या शेवटच्या मुद्द्याला घाबरू नका. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात तुम्ही अद्याप गेला नसाल, तर तसे लिहा. आणि पत्र पाठवण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन, तेथे मिळाल्यास तेथे, अन्यथा इंटरनेटवर, ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर निदान चाळून घ्या. तेवढे वाचल्याने टिपणाचा सूर बदलतो, हे मी खात्रीने सांगते.

पत्र पाठवल्यावर पंधरा दिवस थांबावे आणि त्यानंतर त्याच पत्राखाली दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे. उत्तरपत्रिका तपासणीच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत तीन आठवडे थांबावे. स्मरणपत्रालाही उत्तर आले नाही, तर विभागात जाऊन भेटण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ प्राध्यापक मेलपेक्षा दारात उभ्या असलेल्या माणसाशी अधिक मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे. मी स्वतः माझ्या मार्गदर्शकांना तीन पत्रे लिहून थकले होते आणि चौथ्या वेळी बाकावर दोन तास बसून राहिल्यावर त्यांनीच बाहेर येऊन विचारले, ‘तुम्ही त्या पत्रवाल्या का?’ ज्यांनी तुमच्याकडून सिनॉप्सिस मागवून घेतला, त्यांनाही असे एक स्मरणपत्र जायला हवे. त्यांनी नकार दिलेला नाही. तुमचा सिनॉप्सिस बावीस पानांचा होता असे तुम्ही जोडलेल्या प्रतीवरून दिसते. तो कोणीही पुढच्या रविवारी वाचू म्हणून बाजूला ठेवील. स्मरणपत्रासोबत त्यांना दीड पानांचे टिपण पाठवा.

भेट ठरली तर ती विभागात आणि कामाच्या वेळेतच असावी. त्या भेटीत तुमची परीक्षा होईल तशी तुम्हीही करावी. सध्या किती संशोधक आहेत, प्रकरण दिल्यावर साधारण किती दिवसांत परत मिळते, नोकरी करून अर्धवेळ संशोधन करणारे कोणी पूर्वी होते का, हे प्रश्न विनयाने विचारण्यास हरकत नाही. खरी माहिती मात्र बाहेर व्हरांड्यात मिळते. सध्या तेथे काम करणाऱ्या दोन संशोधकांना चहाला घेऊन जा आणि त्यांना विचारा की शेवटची बैठक कधी झाली होती. ते उत्तर देण्याआधी एकमेकांकडे पाहू लागले तर पुढे विचारण्याची गरज उरत नाही. मार्गदर्शकाच्या घरची बँकेची कामे आणि मुलांची शिकवणी विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडते अशी ठिकाणे आहेत. तेथे विद्वत्ता कितीही असली तरी जाऊ नये.

ओळखीविषयी तुमच्या घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ओळखीने दार लवकर उघडते, यात शंका नाही. पण ओळख जन्माने किंवा नात्यानेच होते असे कोठे आहे? पीएच.डी.ची मौखिक परीक्षा विभागातील अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी खुली असते. विभागाला विचारून अशा एका व्हायवाला मागच्या बाकावर जाऊन बसा. तेथे मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यापाठी कसा उभा राहतो हे दिसते, बाहेरून आलेल्या परीक्षकांची नावे कळतात आणि नंतरच्या चहात तुम्ही कोण, हे लोक स्वतःहून विचारतात. दोन चर्चासत्रांत एखादा नेमका प्रश्न विचारलेली व्यक्ती तिसऱ्या वेळी अनोळखी राहत नाही. पैसे मागणाऱ्या गृहस्थांविषयी मी एकच वाक्य लिहिते : त्यांचा क्रमांक बंद करून टाका, कारण मार्गदर्शक नेमण्याचा अधिकार विद्यापीठाच्या यंत्रणेचा आहे, आणि जो पैशाने मिळतो तो प्रबंधाच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पैसे मागतो.

मार्गदर्शकाची अनुकूलता म्हणजे प्रवेश नव्हे, हेही ध्यानात असू द्या. विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट यांतून जावेच लागते; २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात आणि त्यासाठी ते एक वर्ष चालतात. तुमचे ५८ टक्के पात्रतेच्या ५५ टक्क्यांहून अधिक आहेत. नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची (जेआरएफ) वयोमर्यादा ३० असली तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमची संधी अजून गेलेली नाही. ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी पूर्णवेळ संशोधन करावे लागते. नोकरी सोडायची नसेल, तर अर्धवेळ नोंदणीसाठी महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. त्याची बोलणी प्राचार्यांशी आजच सुरू करा, कारण मार्गदर्शक मिळूनही हा कागद अडलेले लोक मी पाहिले आहेत. कमाल मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीने ती दोन वर्षांनी वाढू शकते आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. याशिवाय मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. मुलगी लहान आहे म्हणून लाजत या तरतुदी विचारू नका. पहिल्याच भेटीत त्या मोकळेपणाने मांडल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, यावरूनही पुष्कळ कळते.

आता वही. पत्रात तिचा उल्लेख करा, टिपणात एका पानाचे छायाचित्र जोडा. पण संपूर्ण वहीची छायाचित्रे कोणालाही पाठवू नका, मूळ वही तर हातातून सोडूच नका. तिची सर्व पाने उजेडात नीट टिपून दोन ठिकाणी साठवून ठेवा. आजीच्या आणि त्या चार बायकांच्या ध्वनिमुद्रणांवर तारीख, जागा आणि सांगणारीचे वय आजच नोंदवा, आणि हे संशोधनासाठी वापरू का असे त्यांना विचारून त्यांचा होकारही ध्वनिमुद्रित करून घ्या. माणसे थकतात, आठवणीही थकतात. मार्गदर्शक सहा महिन्यांनी मिळाला तरी चालेल, पण सहावी आणि सातवी मुलाखत तोवर थांबवू नका. त्या बायकांना मिठागरावरचे दिवस सांगायला लावताना मजुरी किती होती हे विचाराच, पण संध्याकाळी घरी परतल्यावर पायांना काय लावीत हेही विचारा.

तुमच्या ता.क.चे उत्तर सोपे आहे. ज्या भाषेत ती व्यक्ती लिहिते, त्या भाषेत तिला लिहावे. शोधनिबंध इंग्रजीत असतील तर पत्र साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत. मराठीत लिहिणारे प्राध्यापक असतील तर निःसंकोच मराठीत. शोधगंगेवर इतिहासाचे मराठी प्रबंधही आहेत, पण तुमच्या विद्यापीठात व विभागात कोणत्या भाषेत प्रबंध स्वीकारतात हे कार्यालयात विचारून घ्या, कारण त्यावरही मार्गदर्शकाची निवड अवलंबून राहील. आणि पत्र इंग्रजीत लिहिले तरी ‘मुकादम’, ‘उचल’, ‘खाजण’ हे शब्द आहेत तसेच राहू द्या. ज्या प्राध्यापकांना त्यांचा अर्थ विचारावासा वाटेल, त्यांना आधी भेटा.